रक्षक अनावर होतात तेव्हा

2020 आणि 2021 साली कोविडच्या साथीत पुष्कळ कुटुंबांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. पहिले सहा-सात दिवस ताप, खोकला, अंगदुखी; पुढे ताप उतरू लागे, घरातील माणसे जरा निश्चिंत होत, आणि नेमक्या त्याच सुमारास रोग्याला धाप लागे. शरीरातील विषाणू तर एव्हाना बहुधा ओसरू लागलेले असत. मग रोग बळावे तो कशाने?

याचे उत्तर बऱ्याच अंशी रोग्याच्याच रक्तात सापडते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी झुंजणे हे त्यांचे काम. विषाणूने ग्रासलेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. आयझॅक्स व लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये 1957 साली ते शोधून काढले. ही सूचना वेळेवर पोहोचली, तर रोग बहुधा सौम्यच राहतो. परंतु काहींच्या बाबतीत ती पोहोचतच नाही. 2020 साली अत्यवस्थ असलेल्या 987 कोविड-रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये आढळली!

सूचनेला विलंब झाला की विषाणू फैलावतो आणि मग रक्षकांची फौज फुप्फुसात येते ती एकदम. त्यांतील न्यूट्रोफिल या पेशी मोठ्या उतावळ्या. शत्रूला पकडण्यासाठी त्या प्रसंगी स्वतःच्या केंद्रकातील धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात. हे जाळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की तेथे रक्त गोठू लागते. दुसऱ्या काही पेशी अशी द्रव्ये सोडतात की त्यांमुळे आणखी रक्षक धावून येतात. फुप्फुसातील वायुकोशांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. या धुमश्चक्रीत ती झिरपू लागते आणि हवेच्या जागी द्रव साचतो. इकडे बाधित पेशी तेवढ्याच नेमक्या हेरून मारणाऱ्या लिंफोसाइट पेशींची रक्तातील संख्या मात्र घटलेली असते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना हा गुंता ठाऊक नसावा.

तेव्हा या रक्षकांना आवरावे, हा विचार ओघानेच येतो. डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त औषध तेच करते. ब्रिटनमध्ये 2020 साली मोठ्या प्रमाणावर त्याची परीक्षा झाली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमधील मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. नुसता प्राणवायू द्यावा लागणाऱ्यांमधील सुमारे एक-पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. हे स्वाभाविकच होय. रक्षक अजून विषाणूशी झुंजत असतानाच त्यांचे हात बांधले, तर फायदा कोणाचा?

आपल्या देशात 2021 साली हे भान पुष्कळ ठिकाणी सुटले. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच गोळी ताप येताच घरच्या घरी सुरू करण्याचे प्रकार घडले. या औषधाने रक्तातील साखर वाढते आणि दुसऱ्या जंतूंना आवर घालणारे रक्षकही मंदावतात. त्याच वर्षी महाराष्ट्र, गुजरात आदी राज्यांत काळ्या बुरशीचे हजारो रुग्ण आढळले. त्यांतील पुष्कळजण मधुमेही होते आणि अनेकांना ही औषधे दिलेली होती. काहींचा जीव वाचवण्यासाठी त्यांचा डोळा काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर जी गोळी नाकारतात, तीच प्राणवायू घटल्यावर नवव्या दिवशी स्वतः लिहून देतात, ती याच कारणाने.