गॅलिलिओ आणि आपली खडकी

‘प्रबोधनकाळाची वैशिष्ट्ये लिहा.’ या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केलंय. छपाई, दुर्बीण, व्यापारी कंपन्या. सगळं युरोपातलं. त्या काळात आपल्याकडे नुसत्या लढायाच चालल्या होत्या, असा आपला समज.

दोस्तांनो, पुढच्या वेळी वेरूळला गेलात तर लेणी बघून लगेच गाडीत बसू नका. गावातली मालोजीराजे भोसल्यांची गढी पाहा. मग जवळच खुलताबादला मलिक अंबरची कबर पाहा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीनं पाणी आणलं, जमिनीचा कस बघून शेतसारा ठरवला. मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूनं लढले. म्हणजे समाज इथेही ढवळून निघत होता.

त्याच १६१० साली व्हेनिसमध्ये गॅलिलिओनं दुर्बिणीतून पाहिलेलं आकाश पुस्तकात छापलं. शेकडो लोकांनी ते वाचलं, त्यावर भांडले, स्वतः तपासून पाहिलं. अंबरचा कारभार मात्र दफ्तरांत आणि कारकुनांच्या डोक्यात राहिला. छपाई फार लांब होती असंही नाही. गोव्यात १५५६ मध्येच छापखाना आला होता. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. देवनागरीत मराठी पुस्तकं छापायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

म्हणून ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हा फुगा आणि ‘आमच्याकडे काहीच नव्हतं’ हे रडगाणं, दोन्ही सोडून द्या. कर्तबगार माणसं होती. त्यांनी केलेलं सगळ्यांपर्यंत पोचवायची सोय नव्हती. आजही कितीतरी जुने कागद मोडी लिपीत पडून आहेत आणि वाचणारे मोजके. मोडीची अक्षरं काही आठवड्यांच्या सरावानं ओळखता येतात. इतिहास शिकणाऱ्यानं तेवढं तरी करावंच. नाहीतर आपल्याच आजोबा-पणजोबांचे कागद वाळवीच आपल्याआधी वाचून संपवेल.