काचेचा लेप आणि घागरभर पाणी

मराठवाड्यांतील शेतांत हल्लीं सौरपंप दिसूं लागले आहेत. त्यांच्या प्लेटांवर धूळ बसली कीं वीज घटते, आणि विहिरींत पाणी असूनहि पीक तहानलेलें राहतें. उन्हाळ्यांत हिमायतनगरासारख्या गांवीं घागरभर पाण्याचेंहि मोल असतां प्लेटा कशानें धुवाव्या? बोअरच्या जड पाण्याचे तर पांढरे डागच मागें उरतात. म्हणून काचेवरील नव्या लेपांचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

काच पारदर्शक खरी. तरी तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, सरळ पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें ४ भाग परत फिरतो. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका पातळ थर योग्य द्रव्याचा दिल्यास, थराच्या वरून व खालून परतणारे तरंग एकमेकांस मारक होतात व अधिक प्रकाश आंत शिरतो. अमेरिकेंत कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीनें १९३८ मध्यें अशी काच करून दाखविली.

दुसरा गुण पाणी न धरण्याचा. कमलपत्रावर थेंब ठरत नाहीं, हें आमच्या पूर्वजांनीं पाहिलें व त्यांतून अलिप्ततेचा बोध घेतला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहुइस यांनीं त्याचें कारण शोधिलें. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोंकांवरून घरंगळतांना धूळहि नेतो, असें त्यांनीं १९९७ मध्यें सप्रमाण मांडलें.

हे दोन गुण एकत्र नांदविणें मात्र कठीण. उंचवटे मोठे झाले तर काच धुरकट होते. फार बारीक केले तर ते घासण्यानें झिजतात. हैदराबादेंतील ए. आर. सी. आय. या सरकारी संशोधनसंस्थेनें सौर प्लेटांसाठीं लेप तयार केले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय.

तथापि लेपास जादू समजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कमलपत्र निर्मळ राहतें तें पाण्याच्या थेंबामुळें. पाऊस नसतां लेपावरहि धूळ बसणारच. ती थोड्या पाण्यांत सुटेल, एवढाच लाभ. घागरी वाचतील, हात वाचणार नाहींत.

म्हणून पालकांनीं विक्रेत्याच्या शब्दावर विसंबूं नये. दोन सारख्या प्लेटा घ्याव्या, एकीसच लेप द्यावा, आणि मुलांनीं दोहोंची वीज वर्षभर मोजून वहींत मांडावी. पैसा खर्चावा कीं नाहीं, हें ती वहीच सांगेल.