क्लोरीन आहे, तरी जुलाब का? गढूळपणाचा आकडाही सांगा

शहरात जुलाबाची साथ आली, की पाण्यात क्लोरीन योग्य प्रमाणात असल्याचे महापालिका सांगते. ते खरे असूनही पाणी पिण्यालायक नसू शकते. अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९९३ मध्ये याची किंमत मोजली.

तिथे सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. मिशिगन सरोवराचे पाणी शुद्ध करणाऱ्या दोनपैकी एका केंद्रात गाळणी कमी पडली आणि मार्चअखेरीस गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंत गेला. गंमत म्हणजे पाणी तेव्हाच्या सरकारी निकषांत बसत होते! लोक कामावर येईनात, दुकानांतली जुलाबाची औषधे संपली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली ७ एप्रिलला. मृतांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते.

क्लोरीन का हरते?

कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू क्लोरीनने लवकर मरतात, म्हणून ते हवेच. पण हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तोच जाड कवचात. आकार ४ ते ६ मायक्रॉन. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या कवचापुढे निष्प्रभ ठरते. जिआर्डिया आणि आमांशाचा अमीबा इतके चिवट नसले, तरी जिवाणूंपेक्षा बरेच टिकतात. त्यांना अडवायची खरी जागा म्हणजे गाळणी.

आपल्याकडे धोका केंद्राबाहेरही आहे. दाट वस्तीत जलवाहिनी गटाराला खेटून जाते. पाणी येते काही तासच. वाहिनी रिकामी झाली, की फटींतून सांडपाणी आत शिरते. पाणी आल्यावर घरोघरी मोटारी लावल्या, की आणखी ओढले जाते. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे एवढेच कळते. परजीवी आहे की नाही, ते नाही.

भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोत नसेल, तर ५ पर्यंत सूट. म्हणजे मिलवॉकीतले ते पाणी या सवलतीत सहज बसले असते. ही सूट शहरांसाठी तरी बंद व्हावी आणि क्लोरीनसोबत गढूळपणाचे वॉर्डनिहाय आकडे रोज जाहीर व्हावेत. मोजायचे यंत्र काही दुर्मीळ नाही.

तोवर साथीच्या दिवसांत क्लोरीनच्या थेंबांवर विसंबू नका. पाणी खळखळून उकळू द्या, किमान एक मिनिट. घरात तान्हे मूल किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण असेल, तर यात अजिबात हयगय नको.