सावली आखूड झाली की

डिसेंबरात माझं ‘ड’ जीवनसत्त्व अकरा निघालं. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, असं रिपोर्टाच्या कडेला छापलेलंच होतं. मी डॉक्टरांशी जवळजवळ भांडलेच. "अहो, मी रोज साडेसहाला टेकडी चढते. उतरताना चांगलं कोवळं ऊन अंगावर घेते."

"तेच सांगतोय," ते म्हणाले. "कोवळ्या उन्हात ड नसतं."

डॉक्टरांनी माहेरच्या कुणाला नावं ठेवावीत तसं वाटलं मला. कोवळ्या उन्हावर आपला केवढा विश्वास! तेलानं माखलेलं बाळ आजी मांडीवर घेऊन बसते ती त्याच उन्हात. सूर्यनमस्कार, अर्घ्य, रथसप्तमी, सगळं उगवतीला. आणि म्हणे त्यात ड नाही.

कारण सरळ आहे. त्वचेत ड तयार होतं ते अतिनील किरणांतल्या ‘बी’ गटामुळे. सकाळी सूर्य तिरपा असतो, किरणांना हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो आणि हा नेमका गट वाटेतच ओझोनमध्ये गळून जातो. आपल्यापर्यंत पोचतो तो उजेड आणि ऊब. सकाळच्या उजेडाचे झोपेला वगैरे फायदे आहेत, टेकडी मी सोडलेली नाही. पण हाडांचं खातं वेगळं.

मग वेळ कुठली? डॉक्टरांनी घड्याळ नाही, सावली बघायला सांगितली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. हे मला फार आवडलं. पुण्यात मेमध्ये साडेनवाच्या सुमाराला सावली उंचीच्या आत येते, आणि त्याच महिन्यात एका दुपारी तर पायाखाली पार नाहीशी होते. डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीड-पावणेदोन एवढाच काय तो वेळ. म्हणजे बरोब्बर तो, जेव्हा मी ऑफिसात पडदा ओढून बसलेली असते.

पहिला आठवडा मी हुशारी केली. लॅपटॉप उचलून खिडकीपाशी बसले, ऊन अगदी मांडीवर. तिथेही फसले. काच ‘बी’ गट अडवते आणि ‘ए’ बराचसा सोडते. थोडक्यात, काळवंडायचं पुरेपूर आणि ड शून्य.

खरी पंचाईत पुणेरी. इथे बाई स्कूटरवर बसली की तिचे फक्त डोळे दिसतात. स्कार्फ, सनकोट, हातमोजे. मीही त्याच पंथाची, आणि चेहऱ्यावरचे डाग वाढवायची माझी अजिबात तयारी नव्हती. तेव्हा कामाला आली ती बर्लिनमधली एक जुनी हकिकत. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत तिथे मुडदूस झालेली मुलं रांगेनं होती. 1919 साली कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरनं त्यांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले, आणि हाडं भरून येताना एक्स-रेमध्ये दिसली. पुढची गंमत अशी, की दिवा एकाच हातावर धरला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे कातडीत जे काही बनत होतं ते रक्तातून सगळीकडे जात होतं. त्याला ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव मिळायला अजून तीनेक वर्षं होती.

म्हणून माझा स्कार्फ चेहऱ्यावर तसाच राहिला आणि सनकोट उतरला. हात कोपराच्या वरपर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे, वीसेक मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण रंग हीच आपली छत्री. तरी चुरचुरायच्या आत सावलीत यायचं. जास्त वेळ भाजून घेतल्यानं जास्त ड मिळत नाही. एका मर्यादेनंतर तेच ऊन जादा बनलेला कच्चा माल मोडून टाकतं.

ड-च्या पुड्यांना हा शहाणपणा नसतो. साठ हजार युनिटांची पुडी, आठवड्याला एक, दुधातून. मलाही आठ आठवडे दिली होती, कारण अकरावरून नुसत्या उन्हानं वर यायचं तर फार वेळ गेला असता. पण आठवड्याची पुडी चुकून रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडं बिघडतात. मी कॅलेंडरवर रविवारी गोल करून ठेवले होते.

आणि हे फक्त माझ्यासारख्या पडदानशीनांचं दुखणं नाही. दिल्लीतल्या धडधाकट माणसांच्या तपासणीचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कमतरता निघालेल्यांत खुद्द डॉक्टर आणि नर्सेस होत्या. उन्हात कवायत करणारे सैनिक त्यांच्यापेक्षा बरे निघाले. एवढं ऊन ओतणाऱ्या देशात!

आता अडचण उरली गच्चीची. सोसायटीची गच्ची कुलूपबंद, किल्ली सेक्रेटरींकडे. "भर दुपारी गच्चीवर काय काम?" या प्रश्नाला "ऊन खायचंय" हे उत्तर मी दोनदा दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता किल्ली दिली, पण नजर काळजीची होती.

आईला हे सगळं थोतांड वाटतं. "आमच्या वेळी नव्हतं बाई हे ड-बिड," ती म्हणते. मी तिला विचारलं, मार्च-एप्रिलमध्ये तू दिवसभर कुठे असायचीस? कुरडया घालायला पहाटे, मान्य. पण त्या उलटायला, धान्याला ऊन द्यायला, मिरच्या हलवायला, कावळे हाकलायला? अकरा, बारा, एक. बाह्या वर, पदर खोचलेला, सावली पायाशी. कोवळ्या उन्हाला आपण उगाच श्रेय दिलं, मेहनत वाळवणाच्या उन्हाची होती.

यावर ती काही बोलली नाही. परवा मी किल्ली घेऊन निघाले तर ती जिन्यात उभी, हातात साबुदाण्याच्या पापड्यांचं प्लास्टिक आणि एक काठी.

"नुसतीच उभी राहणार आहेस ना तिथे? मग हे राख."