पाचवी खुर्ची

मैत्रिणींनो, आज थोडं हिशेबाचं बोलू या. तुमच्या घरात माणसं किती आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या किती? जरा उठून मोजून या. मी मोजल्या तेव्हा माझीच मला लाज वाटली. माणसं पाच नि खुर्च्या चार! हे, सासूबाई, दोन मुलं नि मी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण पाचवी खुर्ची कधी लागलीच नाही. लागणार कशी? सगळे जेवायला बसले की मी ओट्याशी पोळ्या लाटत उभी, आणि त्यांचं आटोपलं की तिथेच उभ्याउभ्या दोन घास.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं ते डेक्कन क्वीनने. हसू नका, खरंच सांगते.

आमचं घर चिंचवडला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी साडेसातच्या सुमारास डेक्कन क्वीन मुंबईकडे धडधडत जाते. इथे ती थांबत नाही. माझ्या लेखी ती गाडी म्हणजे घड्याळ. ती गेली की मुलांच्या डब्याला उशीर झाला असं समजायचं. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे मुंबईला जायचं होतं. ह्यांची चाकणला पहिली पाळी, म्हणून सासूबाई नि मी दोघीच निघालो. लोकलने उलट्या पुण्याला गेलो आणि डेक्कन क्वीनमध्ये बसलो.

या गाडीला जेवणाचा खास डबा आहे. टेबलाशी बसायचं, वाढपी येऊन विचारणार, बशीतून गरम खाणं पुढ्यात आणून ठेवणार. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत अशी सोय दुसरीकडे शोधून सापडायची नाही. सासूबाईंनी आम्लेटला नाक मुरडलं, म्हणून चीज टोस्ट नि चहा मागवला. खाणं झालं मात्र, सासूबाई उठल्या आणि दोघींच्या बश्या गोळा करू लागल्या! वाढपी म्हणाला, "आजी, राहू द्या, ते माझं काम आहे." त्या बसल्या खऱ्या, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "बसल्या जागी कुणी गरम आणून दिलेलं कधी खाल्लं होतं, आठवत नाही गं."

सत्तरी उलटलेली बाई! माझ्या घशात टोस्ट अडकला.

घरी आल्यावर या गाडीची माहिती वाचून काढली. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी रंगाची, लाल पट्ट्यांची, नि दुसरी निळी, सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे विलायतेत घडवलेले नि वरचं अंग आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात. पण तेव्हा गाडीला वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना या गाडीत पाय ठेवायला मिळाला तो थेट जून १९५५ मध्ये. १९६६ साली पेरांबूरला बांधलेले पोलादी डबे आले, आणि जून २०२२ मध्ये हल्लीचे नवे डबे. बाहेरची रंगसंगती ठरवायला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मदत घेतली होती. जुन्या जेवणाच्या डब्यात ३२ जणांची सोय होती, नव्यात ४० जणांची. नवा डबा लांबीला सुमारे दोन मीटर जास्त आहे, हे एक कारण. आणि मांडणी कशी, तर टेबलाची अरुंद बाजू खिडकीला टेकवलेली, दोन्ही अंगांना माणसं समोरासमोर, मधून वाढप्याला मोकळी वाट.

मोठ्या बोटींचीही अशीच कथा. 'क्वीन एलिझाबेथ २' ही विलायती बोट १९६९ साली प्रवासाला निघाली, तेव्हा पहिल्या वर्गाचं भोजनगृह वेगळं नि साध्या वर्गाचं वेगळं. पुढे कितीदा तरी तिची भोजनगृहं नि मद्यगृहं नव्याने सजवली, नावंही बदलली. पण कुणी कुठे जेवायचं, ते केबिनच्या भाड्यावरूनच ठरत राहिलं. २००८ मध्ये ती निवृत्त झाली. आता दुबईत तिचं हॉटेल झालंय. म्हणजे बघा, पडदे नि खुर्च्या बदलणं सोपं. टेबलाशी कोण बसणार, ते बदलणं अवघड.

आपल्या घरात तरी दुसरं काय असतं? वर्गच की! पहिला वर्ग, दुसरा वर्ग, आणि ओट्याशी उभा तिसरा.

तर आता कामाचं सांगते. आमचं टेबल चार फूट बाय अडीच फूट. त्याची लांब बाजू भिंतीला लावलेली होती. त्यामुळे समोर दोन नि टोकांना एकेक, चारच माणसं मावायची. मी ते गाडीतल्यासारखं फिरवलं. अरुंद बाजू खिडकीखाली, दोन्ही लांब बाजूंना दोघं-दोघं, मोकळ्या टोकाला एक. झाले पाच! माणशी दोन फूट जागा मिळाली की कोपराला कोपर लागत नाही. एका बाजूच्या दोन खुर्च्या काढून सुताराकडून बाक करून घेतला. जेवण झालं की तो टेबलाखाली सरकतो आणि जायला-यायला वाट मोकळी. उंची मापूनच करून घ्या. टेबल अडीच फूट असेल तर बसायची जागा दीड फुटावर हवी, नाहीतर पोरांची हनुवटी ताटात! टेबलावर इस्त्रीचे कपडे नि वर्तमानपत्रं साठू देऊ नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बाकावर आतली, खिडकीकडची जागा तुम्ही घ्या. स्वयंपाकघराजवळची मुळीच नको. तिथे बसलात की दर दोन घासांना उठाल. आत बसलं की उठायला शेजारच्याला उठवावं लागतं, म्हणून आपण उठत नाही. पोळ्या आधी करून डब्यात, भाजी-आमटी, पाणी, मीठ, लोणचं सगळं टेबलावर, गॅस बंद, आणि मग बसायचं.

तुम्ही म्हणाल, घरचे ऐकतात का? एकदम नाही ऐकत. ह्यांना तव्यावरची फुगलेली पोळी लागते. चार दिवस चेहरा उतरलेला होता. सासूबाई तर म्हणाल्या, "घरची बाई आत अडकून बसली तर वाढणार कोण?" मी म्हटलं, "ज्याला हवं तो घेईल." त्या गप्प झाल्या. आठव्या दिवशी आमटी अळणी झाली आणि हे मीठ आणायला उठले. मीठ कुठल्या डब्यात असतं, हे ह्यांना चौदा वर्षांनी कळलं!

रोज जमतं असं नाही. ह्यांची दुसरी पाळी असली की रात्रीचं ताट झाकूनच ठेवावं लागतं, आणि माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी पळापळच. पण निदान रात्री, आठवड्यातून चार दिवस तरी, आम्ही पाचही जण एकत्र बसतो. सासूबाईंच्या ताटात पोळी मी नाही, नात वाढते. त्या अजूनही जेवण झालं की बश्या उचलायला उठतात. परवा धाकटा म्हणाला, "आजी, राहू द्या, ते माझं काम आहे." गाडीतली गोष्ट मी त्याला सांगितली होती ना!

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी खुर्च्या मोजा. कमी भरली तर नवीच घ्यायला हवी असं नाही, स्टूलही चालेल. फक्त त्यावर बसायचं तुम्ही.