टाळ्या नकोत, हातमोजे द्या

माझी आय एका मोठ्या इस्पितळात कंत्राटी सफाईवाली आहे. इस्पितळाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावातल्या इस्पितळाचं नाव टाका, गोष्ट तीच निघेल.

मागल्या महिन्यात तिथं तणावमुक्ती शिबीर झालं. डॉक्टर, सिस्टर, क्लार्क खुर्च्यांवर. खुर्च्या मांडल्या आयनं. बसायला गेली तर म्हणले, 'मावशी, वॉर्डात उलटी झालीय, आधी ती पुसा.' आत एक जण बुद्धाचं नाव घेऊन सांगत होता, डोळे मिटा, खोल श्वास घ्या.

आयला खोल श्वास घ्यायचाच नसतो. म्हणून ती मिश्री लावते. वास मरतो म्हणते.

तिचा तणाव ऐका. साध्या कचऱ्याच्या पिशवीतून वापरलेली सुई फाटक्या मोज्यातून तळहातात घुसली. मुकादम म्हणला, 'धू अन् कामाला लाग.' नंतर 'बघू'. एचआयव्हीची भीती असेल तर औषध 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतं. 72 तास 'बघू'त गेले. पुढं तीन महिने आमच्या घरात कोणी झोपलं नाही.

2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात : सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. कचरा हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस बी अन् धनुर्वाताची लस द्या. वर्षातून एकदा तरी तपासा. आयला ह्यातलं काय मिळालं? 22 मार्च 2020 ला टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी मोजे मागितले, तर 'संपले'.

मी गिरणी कामगार. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, अन् आपल्या थुंकीनं तो बाटायचा! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तिथं आपली थुंकी चालत नव्हती. इथं सगळ्या जातींची थुंकी, रक्त, पू उपसायला बहुतेक आपलेच हात. राखीव जागांवर बोंबलणाऱ्यांनो, झाडूची ही राखीव जागा कोणी ठेवली? तिथं कोणी गुणवत्ता विचारत नाही!

शिकून वर गेलं तरी सुटका नाही. मे 2019 मध्ये डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी डॉक्टर पोरीनं मुंबईत जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या आईनं केला. तिलाही काय श्वासाचा व्यायाम शिकवणार होता?

बुद्धानं दुःखाचं कारण शोधायला सांगितलं. डोळे मिटून ते सापडत नाही. ते कंत्राटदाराच्या खिशात आहे, अन् ज्या समाजाला मावशीचं नावही माहीत नाही त्याच्या डोक्यात आहे.

दोस्तांनो, आपणही कमी नाही. 14 एप्रिलच्या डीजेला घरोघर वर्गणी मागतो, पण पहाटे पाचला कामावर निघालेल्या आयाबायांना विचारत नाही, हाताला काय लागलं? ह्या आठवड्यात जवळच्या इस्पितळाच्या मागच्या दारानं आत जा. विचारा : लस दिली का? तपासणी झाली का? सुयांचा डबा कुठाय? पगाराची पावती मिळते का? उत्तरं लिहून काढा, अन् पुढच्या दारानं साहेबाच्या टेबलावर आपटा.

मग बघू, तणाव कोणाला येतो.

जयभीम!