वाढत्या अंगाचे

पोराचा सदरा घेताना आपल्या घरची माणसे दुकानदाराला हमखास सांगतात, जरा वाढत्या अंगाचा दाखवा. जूनमध्ये घेतलेला गणवेश दोन वर्षे पुरला पाहिजे, तोवर बाही दुमडून चालते. काटकसरीच्या घरात हे शहाणपणच आहे. आम्हीही तशाच सदऱ्यांत वाढलो. परंतु अलीकडे भालकी, हुमनाबाद, आळंद या बाजूला तुरी-सोयाबीनच्या पैशांत थोडे कर्ज मिसळून जुनी चारचाकी घेणारी घरे वाढली आहेत. त्यांपैकी काहींनी आम्हास विचारले की, लहान मुलासाठी गाडीत बांधावयाची ती वेगळी खुर्ची घ्यावी काय, आणि घेतलीच तर वाढत्या अंगाची मिळेल काय? पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर होय. दुसऱ्याला नाही.

एका हिवाळ्यात एका बाळाला बाप्तिस्म्यासाठी आईबापासह आम्हीच जीपने आणीत होतो. सस्तापूर बंगल्याच्या अलीकडे, दिवस मावळताना, मागे ना दिवा ना तांबडी पट्टी अशी उसाची ट्रॉली एकाएकी समोर आली. आम्ही ब्रेक दाबला. वेग ताशी ४० किलोमीटरही नसेल. बाळ आईच्या हातांतून सुटून समोरच्या डॅशबोर्डवर गेले. कपाळाला टेंगूळ आले, तेवढ्यावर निभावले. "मी घट्ट धरलं होतं हो, फादर," असे ती माउली दवाखान्यात पुनःपुन्हा सांगत होती. तिचे म्हणणे खरे होते. मांडीवर घेऊन पुढे बसा, असे सांगणारे आम्हीच होतो.

हिशेब असा आहे. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून थांबली, तर १० किलोचे बाळ क्षणभर सुमारे २०० किलोच्या जोराने पुढे ओढले जाते. म्हणजे क्विंटलची दोन पोती. पोती उचलणाऱ्या आमच्या हमालबंधूंनाही ती हातांत झेलता येणार नाहीत. मांडी ही बसण्याची जागा आहे, धरून ठेवण्याची नव्हे.

आता खुर्ची. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, मान कोवळी. म्हणून त्याची खुर्ची मागे तोंड करून बांधतात. धक्का बसला की तो सगळ्या पाठीवर वाटला जातो, मानेला हिसका बसत नाही. अंतराळवीर पाठीवर टेकून उड्डाण करतात, त्यावरून स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमान यांना ही युक्ती सुचली आणि १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना गाडीत बसवून पाहिला गेला. तान्ह्या मुलांच्या खुर्च्या बहुधा १३ किलोपर्यंतच्या असतात. निदान १५ महिने तरी मूल मागे तोंड करूनच बसवावे, आणि खुर्चीची मर्यादा असेल तर आणखी पुढेही. त्यानंतर साधारण १८ किलोपर्यंत पुढे तोंड करून, खुर्चीच्याच पट्ट्यांनी बांधून. पुढे उंचवटा देणारी बैठक, ज्यायोगे गाडीचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर आणि पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसतो. ही साधारण साडेचार फूट उंची होईपर्यंत लागते. गोऱ्ह्याच्या मानेवर थोराड बैलाचे जू आपण ठेवीत नाही, तोच हा विचार. सैल पट्ट्यातून मूल निसटते.

वयावर जाऊ नये. एकाच वयाची दोन मुले सारखी नसतात. वजन अंगणवाडीच्या काट्यावर मिळते, उंचीची खूण घराच्या चौकटीवर करता येते. खुर्चीवर किलोचा आकडा लिहिलेला असतो तो वाचावा. खांद्यावरच्या पट्ट्याखाली आपले एकच बोट जावे, आणि थंडीत जाड स्वेटर पट्ट्याच्या आत नको, वरून शाल टाकावी. समोर एअरबॅग असलेल्या सीटवर मागे तोंड केलेली खुर्ची कदापि ठेवू नये. ती फुगताना मुलाच्या जिवावर बेतते. पुण्या-हैदराबादच्या नातेवाइकांकडून वापरलेली खुर्ची मिळाली तर जरूर घ्यावी, मात्र ती अपघातातली नाही ना, हे न लाजता विचारावे.

खर्च काही हजारांचा आहे, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु गाडीच्या गाणी वाजविणाऱ्या यंत्राला आणि काचेवरच्या नावाच्या पट्टीला पैसे निघतात, हेही आम्ही पाहतो. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा अशी खुर्ची नसेल तर १,००० रुपये दंड, हा कायदा २०१९ पासून आहे. आम्हास दंडाचे फारसे वाटत नाही.

बहुतेक घरांत मात्र अजून मोटारसायकलच आहे, आणि टाकीवर बसविलेले मूल आम्ही दर रविवारी आवारात शिरताना पाहतो. तेथे खुर्ची नाही, पण ४ वर्षांखालील मुलाला चालविणाऱ्याशी बांधणारा पट्टा, मुलाच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट आणि ४० च्या आत वेग, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. बापाचे हेल्मेट पोराच्या डोक्यावर म्हणजे पुन्हा तोच वाढत्या अंगाचा सदरा.

आमच्या जीपमध्ये आता एक खुर्ची बांधलेली असते, १८ किलोपर्यंतची. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असल्यामुळे ती मागे खिडकीकडे बसवावी लागली. बाळाला आणावयाचे असेल तर आदल्या दिवशी त्याचे वजन कळवावे, म्हणजे पट्टे त्या मापाने लावून ठेवता येतात.